चालता प्रोग्राम कसा थांबवावा?

शिरूर गावाला जुनी माणसे अजूनही 'घोडनदी' म्हणतात. गाव ज्या नदीच्या काठी वसले आहे, तिचेच हे नाव. सह्याद्रीत उगम पावलेली ही घोड नदी शिरूरवरून पुढे चिंचणीच्या धरणात येते आणि तेथून निघून दौंडच्या वरच्या अंगाला भीमेला मिळते. पुण्याकडून येणारी मुळा-मुठाही दौंडच्या आधीच भीमेत मिसळलेली असते. म्हणजे दौंडजवळून वाहणारे पाणी ही एवढ्या सगळ्या नद्यांची बेरीजच होय. पावसाळ्यात वर्तमानपत्र उघडले, की 'दौंड येथील विसर्ग इतके क्युसेक' अशी बातमी तुमच्या नजरेस पडते. हेच पाणी पुढे उजनीच्या जलाशयात जाते. त्यामुळे सोलापूर जिल्ह्यातील लोकांचेही डोळे दौंडच्या या आकड्याकडे लागलेले असतात. (एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर पाणी.)

आता असे समजा, की तुम्ही दौंडच्या एका शाळेत शिकता आणि हा आकडा दर तासाला टिपून ठेवणारा एक प्रोग्राम तुम्ही सी भाषेत लिहिला आहे. सी भाषेतील शब्द संगणकावर रोमन लिपीत टंकलिखित करावे लागतात. येथे आपण ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहू. तुमचा प्रोग्राम अगदी साधा आहे :

१. 'नोंद' नावाची फाइल लिहिण्यासाठी उघड. (एफओपन)
२. विसर्गाचा ताजा आकडा वाच.
३. महिना-दिवस, तास आणि विसर्ग अशी एक ओळ फाइलमध्ये लिही. (एफप्रिंटएफ)
४. एक तास स्वस्थ बस. (स्लीप)
५. पुन्हा दुसऱ्या पायरीकडे जा.

प्रोग्राम सुरू केला. आठ दिवस तो बिनबोभाट चालला. आठव्या रात्री घाटमाथ्यावर मोठा पाऊस झाला, नदी फुगली आणि पहाटे केव्हातरी पाणी सर्वांत जास्त चढून ओसरू लागले. सकाळी तुम्ही मोठ्या उत्सुकतेने संगणकाजवळ गेलात. प्रोग्राम थांबवण्यासाठी कळफलकावरील कंट्रोल आणि सी या दोन कळा एकदम दाबल्या आणि 'नोंद' ही फाइल उघडली.

फाइल कोरी! रात्रीचा आकडा तर नाहीच, पण आठ दिवसांतील एकही ओळ तीत नाही.

प्रोग्राममध्ये चूक कोठे आहे, म्हणून तुम्ही पुन्हा पुन्हा पाहाल. प्रत्येक पायरी बरोबर आहे. तिसरी पायरी दर तासाला पारही पडत होती. मग ओळी गेल्या कोठे? प्रोग्राम चालला बरोबर. तो थांबवला चुकीच्या रीतीने. प्रोग्राम कसा चालवावा हे सगळे शिकवतात, पण तो कसा थांबवावा हेही शिकावे लागते. या लेखात आपण तेवढेच पाहणार आहोत.

गोणीतला कांदा

शिरूर-दौंड भागातला शेतकरी कांदा काढतो, तेव्हा एकेक कांदा घेऊन तो बाजाराला पळत नाही. तो गोणी भरतो, गोणी भरली की तोंड शिवतो आणि मग ती टेम्पोत चढवतो. कारण उघड आहे. खरा खर्च फेरीचा असतो. एका कांद्यासाठी फेरी मारणे परवडत नाही.

सी भाषेचे ग्रंथालय (म्हणजे एफप्रिंटएफसारखी तयार फंक्शने ज्या संग्रहात असतात तो संग्रह) नेमके हेच करते. फाइलमध्ये लिहिणे हे काम प्रोग्रामला स्वतः करता येत नाही. त्यासाठी त्याला कार्यप्रणालीला, म्हणजे लिनक्ससारख्या संगणकाच्या मुख्य व्यवस्थापकाला, विनंती करावी लागते. या प्रत्येक विनंतीला वेळ लागतो. म्हणून ग्रंथालय तुमच्या प्रोग्रामच्याच स्मृतीत एक गोणी ठेवते. तिला 'बफर' म्हणतात. एफप्रिंटएफ हुकूम दिला, की ओळ त्या गोणीत पडते. गोणी भरली, की सगळा माल एकदम कार्यप्रणालीच्या हवाली होतो.

ही गोणी केवढी असते? लिनक्सवर फाइलसाठी ती बहुधा ४०९६ बाइटांची असते. आता आपल्या नोंदीची एक ओळ मोजू. महिना-दिवसाचे ४ अंक, एक मोकळी जागा, तासाचे २ अंक, पुन्हा एक मोकळी जागा, विसर्गाचे ७ अंक आणि ओळ संपल्याची १ खूण. एकूण १६ बाइट. (हे अंक इंग्रजी धरले आहेत. देवनागरी अंक आजच्या प्रचलित संकेतात प्रत्येकी ३ बाइट घेतात.) ४०९६ ला १६ ने भागले, की २५६ येतात. तासाला एक ओळ, म्हणजे गोणी भरायला २५६ तास लागणार. म्हणजे १० दिवस १६ तास!

तुमचा प्रोग्राम तर आठच दिवस चालला होता. ८ गुणिले २४ म्हणजे १९२ ओळी, ३०७२ बाइट. गोणी पाऊणच भरली होती. तुम्ही कंट्रोल-सी दाबलेत, त्या क्षणी कार्यप्रणालीने प्रोग्रामची सगळी स्मृती काढून घेतली आणि तिच्याबरोबर गोणीही गेली.

येथे आणखी एक फसगत होते. हाच प्रोग्राम फाइलऐवजी पडद्यावर ओळी दाखवत असता, तर प्रत्येक ओळ वेळच्या वेळी दिसली असती. कारण पडद्याकडे जाणारी गोणी ओळ संपल्याची खूण दिसताच रिकामी केली जाते. त्यामुळे नवशिका प्रोग्राम पडद्यावर तपासतो, 'छान चालतो' म्हणतो, आणि फाइलकडे वळवला की फसतो.

थांबण्याचे तीन प्रकार

दौंड स्थानकात पुण्याहून येणाऱ्या ज्या गाड्या तेथेच संपतात, त्यांतील एक गाडी डोळ्यांसमोर आणा. फलाटाला लागल्यावर ती लगेच 'संपत' नाही. उतारू सामान घेऊन उतरतात, डबे रिकामे होतात, गाडी आली अशी नोंद होते आणि मग गाडी फलाटावरून हलवली जाते. हा झाला शेवटाचा पहिला प्रकार. त्याला आपण नीट शेवट म्हणू.

दुसरा प्रकार असा : चालत्या गाडीत कोणीतरी साखळी ओढतो, किंवा रुळांवर काही अडथळा दिसल्याने चालक तातडीचा ब्रेक लावतो. ब्रेकच्या नळीतील दाबलेली हवा बाहेर पडते, ब्रेक चाकांवर आवळले जातात आणि गाडी मध्येच उभी राहते. कोणीही आपल्या स्थानकावर उतरलेले नसते. पण गाडी थांबली, आणि त्या वेळी तेच हवे होते.

तिसरा प्रकार खऱ्या गाडीत होत नाही, खेळण्यातल्या गाडीत होतो. लहान भाऊ येतो आणि धावती गाडी रुळांवरून उचलून घेतो. गाडीला कोणी विचारीत नाही आणि तिला काही करण्याची संधीही मिळत नाही.

सी भाषेत या तिन्ही प्रकारांना वेगवेगळी नावे आहेत. एकेक पाहू.

नीट शेवट : एक्झिट

सी भाषा १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडवली. १९८९ साली तिचे अमेरिकी प्रमाण ठरले. प्रोग्राम नीट संपवण्यासाठी तीत 'एक्झिट' हे फंक्शन आहे. 'मेन' या मुख्य फंक्शनातून 'रिटर्न' करून बाहेर पडलात, तरी आतून एक्झिटच बोलावले जाते. एक्झिट पुढील कामे याच क्रमाने करते :

१. तुम्ही आधी नोंदवून ठेवलेली निरोपाची फंक्शने चालवते.
२. उघड्या असलेल्या सर्व गोण्या रिकाम्या करून माल कार्यप्रणालीच्या हवाली करते आणि फाइली बंद करते.
३. 'टीएमपीफाइल' वापरून केलेल्या तात्पुरत्या फाइली काढून टाकते.
४. एक अंक कार्यप्रणालीला देऊन प्रोग्राम संपवते.

पहिल्या कामातील निरोपाची फंक्शने नोंदवण्यासाठी 'अ‍ॅटएक्झिट' वापरतात. अशी निदान ३२ फंक्शने नोंदवता आली पाहिजेत, असे प्रमाण सांगते. गंमत अशी, की ती नोंदवल्याच्या उलट क्रमाने चालतात. सर्वांत शेवटी नोंदवलेले सर्वांत आधी. असे का बरे? घर बांधताना आधी भिंत आणि मग छप्पर. उतरवताना मात्र आधी छप्पर आणि मग भिंत. प्रोग्राममध्येही नंतर उभे केलेले काम बहुधा आधीच्या कामावर टेकलेले असते. भिंत आधी पाडली, तर छप्पर डोक्यावर येईल.

चौथ्या कामातील अंकाचा उपयोग काय? तुमचा प्रोग्राम ज्याने चालवला, त्याला 'काम झाले की फसले' हे त्या अंकावरून कळते. शून्य म्हणजे सर्व ठीक. दुसरा कोणताही अंक म्हणजे काहीतरी बिघडले. 'मिळालेल्या गुणांत शून्य चांगले कसे?' असे तुम्ही विचाराल. यश एकाच प्रकारचे असते, पण अपयशाचे प्रकार अनेक असतात. त्यांच्यासाठी १, २, ३ असे वेगवेगळे अंक मोकळे राहावेत, म्हणून ही सोय आहे. मात्र लिनक्ससारख्या प्रणालीवर या अंकाचे शेवटचे ८ बिटच पोहोचतात, म्हणजे फक्त ० ते २५५. कोणी हौसेने एक्झिट २५६ असे लिहिले, तर पलीकडे शून्य पोहोचते आणि फसलेले काम यशस्वी ठरते!

ताबडतोब शेवट : अ‍ॅबॉर्ट आणि अंडरस्कोर-एक्झिट

साखळी ओढण्यासारखी दोन फंक्शने आहेत. पहिले 'अ‍ॅबॉर्ट'. हे फंक्शन प्रोग्रामला स्वतःलाच 'सिगअ‍ॅबर्ट' नावाचा इशारा पाठवून जागच्या जागी संपवते. निरोपाची फंक्शने चालत नाहीत आणि गोण्या पोहोचतील याची शाश्वती नसते. दुसरे 'अंडरस्कोर-एक्झिट'. १९९९ च्या प्रमाणात हेच मोठ्या अक्षराने सुरू होणाऱ्या नावाने आले. तेही निरोपाची फंक्शने चालवत नाही आणि लिनक्सवर गोण्यांना हात लावत नाही. पण ते अंक देऊन शांतपणे बाहेर पडते, तर अ‍ॅबॉर्ट 'अपघात झाला' अशी बोंब ठोकून जाते.

तुम्ही म्हणाल, की नीट शेवट करणारे एक्झिट असताना ही आडदांड फंक्शने हवीत कशाला? प्रश्न चांगला आहे. दोन प्रसंग पाहा.

प्रसंग पहिला. तुमचा प्रोग्राम दर तासाच्या नोंदीशिवाय महिन्याचा एक तक्ताही स्मृतीत ठेवतो आणि संपताना, निरोपाच्या फंक्शनातून, जुन्या तक्त्याच्या जागी नवा तक्ता लिहितो. एके दिवशी प्रोग्रामला आढळते, की आपण मोजलेल्या ओळींची संख्या उणे ७ झाली आहे. ओळी उणे असूच शकत नाहीत. याचा अर्थ प्रोग्रामने स्वतःचीच स्मृती कोठेतरी तुडवली आहे. आता तक्त्यातील कोणत्याच आकड्यावर विश्वास ठेवता येणार नाही. अशा वेळी एक्झिट बोलावले, तर ते मोठ्या शिस्तीने काय करील? फाइलमधला चांगला तक्ता पुसून त्या जागी नासका तक्ता लिहील! येथे साखळी ओढणेच शहाणपणाचे. सी भाषेतील 'अ‍ॅसर्ट' याच कामासाठी आहे. 'अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे' असे त्याला सांगायचे; ती खोटी ठरली, तर ते चुकीची ओळ कितवी हे सांगून अ‍ॅबॉर्ट करते.

पण एक भेद ध्यानात ठेवा. आकडा भरणाऱ्या मित्राने विसर्गाच्या जागी चुकून उणे संख्या लिहिली, तर तो बाहेरचा दोष आहे. प्रोग्रामची स्मृती शाबूत आहे. त्यासाठी अ‍ॅबॉर्ट करू नये. चूक सांगून तेवढी ओळ सोडावी, किंवा एक्झिट करून १ हा अंक द्यावा. बाहेरून आलेली चूक असेल, तर नीट शेवट. स्वतःचेच डोके फिरले असेल, तर ताबडतोब शेवट.

प्रसंग दुसरा. लिनक्सवर 'फोर्क' या हुकुमाने चालत्या प्रोग्रामची हुबेहूब दुसरी प्रत करता येते. प्रत म्हणजे सर्व स्मृतीची प्रत, म्हणजे अर्धवट भरलेल्या गोणीचीही प्रत. समजा, पूर वाढला की घंटा वाजवण्यासाठी तुम्ही अशी प्रत केलीत. घंटा वाजवून प्रतीने एक्झिट बोलावले. एक्झिटने शिस्तीप्रमाणे प्रतीची गोणी फाइलमध्ये रिकामी केली. पुढे मूळ प्रोग्राम संपला, तेव्हा त्याचीही गोणी रिकामी झाली. परिणाम? त्याच ओळी फाइलमध्ये दोनदा! एकच कांदा दोनदा बाजारात गेला. म्हणून प्रतीने काम झाल्यावर अंडरस्कोर-एक्झिटने जावे आणि गोणी तिच्या मूळ मालकासाठी सोडावी. पाहा, येथे ताबडतोब शेवट हाच नीट शेवट ठरला.

बाहेरून आलेला हुकूम

आतापर्यंत प्रोग्राम आपण होऊन थांबत होता. पण कंट्रोल-सी दाबले, तेव्हा हुकूम बाहेरून आला. अशा हुकुमांना 'सिग्नल' म्हणतात आणि प्रत्येकाला नाव व क्रमांक असतो. आपल्या कामाचे तीन :

सिगइंट, क्रमांक २ : कंट्रोल-सी दाबल्यावर येतो.
सिगटर्म, क्रमांक १५ : 'कृपा करून आवरते घ्या' असा सभ्य निरोप.
सिगकिल, क्रमांक ९ : रुळांवरून उचललेली गाडी.

पहिल्या दोन सिग्नलांबाबत तुम्ही काहीच सांगून ठेवले नसेल, तर कार्यप्रणाली प्रोग्रामला तडकाफडकी संपवते. एक्झिट बोलावले जात नाही. तुमच्या आठ दिवसांच्या ओळी नेमक्या येथे गेल्या. पण या दोन सिग्नलांना उत्तर कसे द्यावे, हे प्रोग्रामला आधी शिकवून ठेवता येते. 'सिग्नल आला, तर माझे हे फंक्शन चालव' असे नोंदवायचे.

मग त्या फंक्शनात सरळ एफप्रिंटएफ आणि एक्झिट लिहिले तर? तो मोह टाळा. सिग्नल कोणत्याही क्षणी येतो. कदाचित ग्रंथालय त्याच क्षणी गोणीत ओळ भरत असेल. शिवणारा माणूस गोणीचे तोंड धरून बसला असताना दुसऱ्याने तीच गोणी ओढावी, तसा गोंधळ होईल. म्हणून सिग्नलाच्या फंक्शनाने एकच काम करावे. 'थांबायचे' नावाची एक खूण ० ची १ करावी आणि परत जावे. प्रोग्रामने आपले चक्र सुरू ठेवण्यापूर्वी ती खूण पाहावी : ० असेल तर पुढचा तास, १ असेल तर चक्राबाहेर पडून, फाइल बंद करून रिटर्न. या खुणेचा प्रकार 'व्होलटाइल सिग-अ‍ॅटॉमिक-टी' असा लिहावा. म्हणजे 'ही खूण केव्हाही बदलू शकते, दर वेळी नव्याने पाहा' अशी भाषांतरक प्रोग्रामला, म्हणजे कंपायलरला, ताकीद मिळते. 'पण प्रोग्राम तर तासभर झोपलेला असतो, मग तासभर वाट पाहायची का?' नाही. झोपेत सिग्नल आला, की स्लीपची झोप तेथेच मोडते.

ही रीत लहानमोठ्या सर्व संगणकांवर कामी येते. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ साली तिने 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. त्याच पुण्यात, भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेत, २०२४ साली 'अर्क' हा महासंगणक सुरू झाला. पावसाची गणिते सोडवणाऱ्या अशा यंत्रांवर एकेक काम तासन्‌तास चालते. महासंगणकांवरची सर्वसाधारण रीत अशी, की कामाची ठरलेली वेळ संपली म्हणजे आधी सिगटर्म पाठवायचा, काही सेकंद वाट पाहायची आणि तरीही काम संपले नाही, तर सिगकिल. तुमच्या घरचा लिनक्स संगणक बंद होतानाही बहुधा हेच घडते. तेथे मधली सवलत बहुधा ९० सेकंदांची असते. त्या सवलतीत जो प्रोग्राम आपली गोणी शिवतो, त्याचे काही जात नाही.

सवलतच मिळाली नाही तर?

सिगकिलला कोणतेही उत्तर शिकवून ठेवता येत नाही. असे मुद्दामच केले आहे. नाहीतर हट्टी प्रोग्राम कधीच थांबवता आला नसता. आणि वादळी पावसात वीज गेली, तर सिग्नलही येत नाही. पुराची रात्र आणि वीज जाण्याची रात्र बहुधा एकच असते, हे आपल्याकडच्या मुलांना सांगायला नको.

अशा शेवटाची तयारी शेवटी करता येत नाही. ती आधीच करावी लागते. उपाय सोपा आहे. प्रत्येक ओळ लिहिल्यावर 'एफफ्लश' हे फंक्शन बोलवा. गोणी अर्धी असली, तरी ते माल तेव्हाच कार्यप्रणालीकडे पोहोचवते. यानंतर सिगकिल आला, तरी ओळी सुरक्षित, कारण त्या आता प्रोग्रामच्या स्मृतीत नाहीत. वीज जाण्यापासून मात्र एवढ्याने संरक्षण मिळत नाही. कार्यप्रणालीही काही काळ माल आपल्या कोठारात ठेवते. तो तबकडीवर नक्की उतरवून घ्यायचा असेल, तर पाठोपाठ 'एफसिंक' हा हुकूम द्यावा.

'मग गोणीचा फायदाच काय राहिला?' असे तुम्ही म्हणाल. सेकंदाला लाखो ओळी लिहिणाऱ्या प्रोग्रामने दर ओळीला एफफ्लश केले, तर तो खरोखरच रखडेल. पण आपली ओळ तासाला एक. तासातून एकदा बाजाराला फेरी मारणे आपल्याला सहज परवडते. माल किती मोलाचा आणि फेरी किती खर्चाची, हे पाहून प्रत्येकाने आपले ठरवावे.

आता तुमचा सुधारलेला प्रोग्राम असा झाला : फाइल उघड, सिगइंट आणि सिगटर्म यांना उत्तर नोंदव, खूण ० आहे तोवर आकडा वाच, ओळ लिही, एफफ्लश आणि एफसिंक कर, झोप, खूण १ झाली की फाइल बंद करून ० हा अंक देऊन परत जा. कंट्रोल-सी आले, तर तो नीट थांबेल. वीज गेली, तर फार तर शेवटच्या तासाची ओळ जाईल, आठ दिवसांच्या नाही.

करून पाहा

१. एक छोटा प्रोग्राम लिहा : फाइल उघडून तीत 'शिरूर' हा शब्द लिहायचा आणि मग ६० सेकंद झोपायचे. झोपेतच कंट्रोल-सी दाबा. फाइल किती बाइटांची आहे? आता झोपेपूर्वी एफफ्लश घालून तोच प्रयोग करा.

२. फाइलमध्ये पाच ओळी लिहून एकदा एक्झिटने आणि एकदा अंडरस्कोर-एक्झिटने संपवा. फरक नोंदवा.

३. 'शिरूर', 'सांगवी' आणि 'दौंड' अशी नावे पडद्यावर लिहिणारी तीन फंक्शने या क्रमाने अ‍ॅटएक्झिटने नोंदवा. कोणते नाव आधी उमटते?

४. एक्झिट ३, एक्झिट २५५ आणि एक्झिट २५६ यांनी संपणारे तीन प्रोग्राम चालवा. प्रत्येकानंतर लगेच 'एको' हा हुकूम, एक मोकळी जागा आणि डॉलर व प्रश्नचिन्ह ही चिन्हे टंकलिखित करून आलेला अंक पाहा.

५. विचार करा : सिगकिल आल्यावर एक्झिट चालत नाही, तरी प्रोग्रामने घेतलेली स्मृती इतर प्रोग्रामांना परत मिळते. ती कोण परत घेते?

मित्रांनो, हा प्रश्न सोडवताना एक गोष्ट तुमच्या ध्यानात येईल. प्रोग्राम कसाही मेला, तरी त्याच्यामागे कार्यप्रणाली घर झाडून घेते. स्मृती परत घेते, फाइली मिटते. पण गोणीत काय होते, हे तिला ठाऊक नसते. झाडताना ती गोणीही केरात जाते. गोणीतले मोल फक्त प्रोग्राम लिहिणाऱ्याला माहीत असते, म्हणून ती वेळेवर पोहोचवण्याची जबाबदारीही त्याचीच. पुढच्या पावसाळ्यात दौंडचा विसर्ग टिपायला बसाल, तेव्हा प्रोग्रामची पहिली ओळ लिहिण्याआधी स्वतःला विचारा : हा याच क्षणी थांबला, तर माझे काय काय जाईल?